दाजी, तो पक्षी नाचत नव्हता

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याचा एक व्हिडिओ आला. सुप्याच्या पुढं कुठल्याशा माळावर त्यानं गाडी घातलीय. बॉनेटसमोर एक माळटिटवी एक पंख जमिनीवर फरफटत, लंगडत, धडपडत पळतेय आणि गाडीतून कुणीतरी खिदळतंय, "डान्स बघ, डान्स!" खाली नातेवाइकांचे बदामच बदाम. आमच्या आईनंसुद्धा एक टाकलाय.

भाच्याला फोन लावला. हे कुठून शिकलास? तर म्हणतो, "मामा, पप्पांनीच मेसेज टाकला होता ना ग्रुपवर." वर सरकवत सरकवत शोधला. 'माळरान सफारी फुकटात : गाइडवाले सांगत नाहीत ती सात गुपितं'. दोन बाणांची खूण, म्हणजे आधीच गावभर फिरून आलेला. शेवटी नेहमीचं, निसर्गप्रेमी असाल तर पुढं पाठवा.

दाजींना तोंडावर उलट बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. म्हणून इथं लिहितोय. त्यांना लिंक कोण पाठवेल ते मला माहीत आहे.

पहिलं गुपित असं आहे : 'माळरान म्हणजे सरकारी पडीक जमीन. रस्ता लागत नाही. गाडी सरळ आत घाला. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, तित्तर आणि लावे गाडीपुढं पळताना मस्त शूट होतात.'

यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करून टाकतो. पायी चालणाऱ्या माणसाला पक्षी जेवढे बुजतात तेवढे उभ्या गाडीला बुजत नाहीत. माळावर आडोसा नसतो, त्यामुळं गाडी हीच चांगली लपण ठरते. पण ती रस्त्याच्या कडेला उभी असलेली, इंजिन बंद केलेली, काच अर्धी खाली घेतलेली गाडी. गवतातून पहिल्या गिअरमध्ये रोंरावत जाणारी नव्हे.

आता त्या टिटवीचं. माळटिटवी उन्हाळ्यात, ऐन कोरड्या दिवसांत अंडी घालते. घरटं म्हणजे काय, तर उघड्या मुरमावर उथळ खळगा, गुरानं पाय दिल्यासारखा. फार तर कडेला चार खडे. त्यात बहुधा चार अंडी, मातकट, वर काळसर ठिपके. दोन पावलांवरून तुम्हाला ती दिसणार नाहीत. पिल्लं निघाली तर आणखी अवघड, कारण आईनं इशारा दिला की ती जागच्या जागी दबून बसतात आणि हलतच नाहीत. कुत्रं, कोल्हा किंवा माणूस फार जवळ आला की टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते. मी जखमी आहे, मला धर, माझ्या मागं ये, असं म्हणत ती शत्रूला लांब नेते. कोल्ह्यापुढं ही युक्ती चालते, कारण तो तिच्या मागं जातो. गाडी मात्र वळत नाही. ती सरळ पुढं येते, आणि दबून बसलेली पिल्लं चाकाखालून उठत नाहीत.

व्हिडिओ मी तीनदा पाहिला. अकराव्या सेकंदाला ती परत मागं धावते, गाडीच्या डाव्या चाकाकडं. त्या चाकाजवळ काय होतं ते भाच्याला ठाऊक नाही, मलाही नाही. आईला हे सांगितलं तर तिनं बदाम काढून टाकला. एवढ्या वयात तिला तो काढता येतो हे मला नव्यानं कळलं.

एकट्या टिटवीचं हे नाही. धाविक, चंडोल, डोंबारी, रातवा, पखुर्डी, तित्तर, लावे, माळावरच्या या सगळ्या मंडळींची अंडी जमिनीवरच असतात. बहुतेक झाडावर चढत नाहीत, कारण माळावर झाड नसतंच, आणि त्यांना ते नकोच असतं. माळढोकाची मादीसुद्धा उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. म्हणजे माळावर 'रस्ता लागत नाही' म्हणणं हे कुणाच्या बाळंतिणीच्या खोलीत बुलेट घेऊन शिरण्यासारखं आहे.

आणि ते 'पडीक'. इथं दाजींचा एकट्याचा दोष नाही हेही नाइलाजानं कबूल करतो. केंद्र सरकारच्या वेस्टलँड अ‍ॅटलासातसुद्धा झुडपी, गवताळ जमिनी पडीकच्या खात्यात जातात. आपली भाषाही तशीच. 'काय माळरान झालंय' म्हणजे वाटोळं झालंय. पण पवन्या, मारवेल आणि कुसळी या गवतांचा माळ हा धनगराच्या मेंढरांचा चारा असतो, खोकडाचं घर असतं, लांडग्याची वाट असते. शिवाय कायद्यानं तो कुणाचा ना कुणाचा असतोच. वनखात्याचा, नाहीतर गावाचं गायरान, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची खासगी पड. वनखात्याच्या हद्दीत विनापरवाना गाडी घातली तर पुढचं बोलणं रेंजरसाहेबांशी.

दुसरं गुपित वाचून मी चहा बाजूला ठेवला. 'तित्तर आणि लावे हे गेम बर्ड आहेत, म्हणून त्यांना मारायला किंवा पकडायला बंदी नाही. हॉटेलात बटेर मिळते, मग माळावरची का नको?'

हा मेसेज लिहिणाऱ्याला नेमका पन्नास वर्षांपूर्वीचा कागद सापडलेला दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात सुरुवातीला 'मोठी शिकार', 'छोटी शिकार' अशा याद्या खरंच होत्या आणि परवाना काढून शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ते परवाने गेले. त्यालाही आता तीस वर्षं उलटून गेली. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची, म्हणजे या याद्यांची, संख्या कमी झाली, पण तित्तर आणि लावे संरक्षितच राहिले. आणि हॉटेलातली बटेर म्हणजे कोंबडीसारखी खुराड्यात वाढवलेली जपानी लावी असते. ती माळावर राहत नाही.

पण याच कायद्यातलं खरं वाचण्यासारखं पान पुढं आहे, दाजी. कलम २, पोटकलम १६. 'शिकार' म्हणजे काय, याची व्याख्या. आपल्याला वाटतं शिकार म्हणजे बंदूक. व्याख्येत मारणं आहेच, पण त्याशिवाय पकडणं आहे, फासे लावणं आहे, हाका घालून हुसकावणं आहे, आमिष दाखवणं आहे, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नही आहे. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं तर आहेच, अंड्यांना किंवा घरट्याला नुसता उपद्रव देणं हेसुद्धा त्यात आहे. इतकं बारीक लिहून ठेवलंय. आता सात गुपितं हातात घेऊन बसा आणि व्याख्येशी जुळवत चला. गाडीपुढं तित्तर पळवा, म्हणजे हाका. लांडग्याला तुकडे टाका, म्हणजे आमिष. घरट्यातून टिटवी उठवा, म्हणजे उपद्रव. कोर्टात यातलं काय टिकेल ते वकील सांगतील. पण 'फुकटात सफारी' म्हणून फिरणारा हा मेसेज शिकारीचीच पद्धतशीर शिकवणी घेतोय, एवढं तर वकील नसलेल्या माणसालाही दिसतं. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर कैद कमीत कमी तीन वर्षं. लांडगा, काळवीट, चिंकारा, माळढोक, सगळे पहिल्या अनुसूचीत.

तिसरं गुपित, मोबाइलवर तित्तराचा आवाज लावा, 'नर धावत पायाशी येतो'. येतो, खरंच येतो. का येतो ते मेसेजमध्ये नाही. 'क-तीतर, क-तीतर' ही त्याची हद्दीची आरोळी आहे. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं वाटून तो भांडायला येतो. पिंजऱ्यात पाळलेला तित्तर माळावर ठेवून रानातल्याला चिथवायचं आणि भोवती फासे मांडायचे, ही तित्तर धरण्याची जुनी रीत आहे. तुमचा ब्लूटूथ स्पीकर म्हणजे तोच पिंजरा. फरक एवढाच, की फासे लावणाऱ्याचं त्यावर पोट होतं. आणि गंमत बघा, तिकडं अकोला-वाशीम पट्ट्यात फासेपारधी समाजातलीच माणसं आता तणमोर हा गवतातला दुर्मीळ पक्षी राखण्याच्या कामात आहेत. शहरातली पोरं स्पीकर घेऊन निघालीत.

तित्तर ऐकायचा असेल तर स्पीकर लागत नाही. उजाडताना बोराटीच्या नाहीतर बाभळीच्या झुडपांपाशी गप्प उभं राहा. एक ओरडला की दुसरा ओरडतो, मग तिसरा.

चौथं, लांडगा. 'संध्याकाळी कोंबडीचे तुकडे टाकून थांबा. लांडगे माणसाला काही करत नाहीत, जवळ जाता येतं.' पुणे-सोलापूर भागातला लांडगा माणूस दिसला की वाट बदलतो, हे खरं. त्याचा डोळा शेळ्यामेंढ्यांवर असतो आणि त्याचा हिशोब धनगर पिढ्यान्‌पिढ्या मांडत आलेत. पण उत्तर प्रदेशात बहराइचला २०२४ मध्ये लांडग्यांच्या हल्ल्यात मुलं गेली, तेव्हा 'काही करत नाहीत' असं छातीठोक लिहिणाऱ्यानं जरा पेपर वाचावा. आणि तुकडे टाकले की लांडग्याच्या आधी येतात गावातली मोकाट कुत्री. पोल्ट्रीची घाण माळावर फेकली जातेच, तिथं हेच चालतं. कुत्र्यांबरोबर रेबीज येतो, डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा रोग येतो. सासवडकडच्या माळावर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेले प्राणी सापडलेत. म्हणजे आपण लांडगा बघायला तुकडे टाकायचे आणि आपल्या नातवानं लांडग्यासारखं दिसणारं कुत्रं बघायचं.

पाचवं : 'नान्नजला गेलात की माळढोक हमखास.' कोणत्या साली लिहिलंय हे? जगात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. सोलापूरजवळच्या नान्नजला, माळढोकाच्या अभयारण्यात, गेल्या काही वर्षांत एखादा पक्षी दिसला तरी पेपरात बातमी येते. मी शेवटचा पाहिला तेव्हा हा भाचा जन्मलाही नव्हता. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते कागदावर जवळपास ८,५०० चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं आणि लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले. पुढं ते १,२२२ वर आणलं. आकडा वाढला-घटला, पक्षी मात्र घटतच गेला. नान्नजला जा जरूर. काळवीट दिसतील, थंडीत गेलात तर गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिसतील. पण 'हमखास' या शब्दावर चारशे रुपयांचं पेट्रोल जाळून जाल आणि वर तिथल्या गार्डला शिव्या द्याल, तर त्या मेसेजवाल्याला द्या.

सहावं, बियांचे गोळे फेकायचं. थोडक्यात सांगतो. माळावर झाडं लावली की माळाचे पक्षी वाढत नाहीत, जातात. धाविकाला आणि माळढोकाला लांबवर मोकळं दिसावं लागतं. झाड म्हणजे शिकारी पक्ष्याची बसायची जागा. ते गोळे घराजवळच्या नाल्यावर टाका.

सातवं, 'पहाटे जा, ऊन पाठीशी घ्या, भडक कपडे नकोत.' हे बरोबर आहे. सातातलं एक.

यात मी एवढंच घालेन. उन्हाळ्यात पाणवठा गाठा आणि लांब बसा. पाण्याच्या अगदी काठावर नाही, नाहीतर कुणी उतरणारच नाही. ऊन चढू लागलं की पखुर्ड्या थव्यानं येतात. आधी आवाज येतो, मग दिसतात. उतरून घाईनं चार घोट घेतात. नर पाण्यात पोट बुडवतो, पिसांत पाणी धरतो आणि तसाच उडत पिल्लांकडं जातो. पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितात. हे पाहायला स्पीकर लागत नाही, कोंबडी लागत नाही. गाडीतून आत जायचंच असेल तर इंदापूरला कडबनवाडी आणि बारामतीला शिर्सुफळ इथं वनखात्याची गवताळ सफारी आहे. पैसे भरून, ठरलेल्या वाटेनं.

भाच्यानं व्हिडिओ काढून टाकलाय. येत्या रविवारी येतो म्हणाला. पहाटे साडेचारला स्वारगेटला उभा राहा, दुर्बीण माझ्याकडं दोन आहेत. मोजे मात्र जुने घाल रे. कुसळं निघत नाहीत.