दिवे मिचमिचणं वेगळं, अ‍ॅम्प बंद पडणं वेगळं: नाशिककर वाचकांना उत्तर

नमस्कार नाशिककर,

गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या अ‍ॅम्पवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कालपासून तीनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: ‘कपॅसिटर म्हणजे डिकीतली शोभा’ हे माझं वाक्य साफ चुकीचं आहे. (कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून गरजेला झटक्यात सोडणारा डबा, आणि फॅरड हे त्याच्या साठवणीचं माप.) 600 वॉटच्या मोनो अ‍ॅम्पला तुम्ही 2 फॅरडचा कपॅसिटर लावलात आणि बासवर हेडलाइट मिचमिचायचे थांबले. दुसरी बॅटरी लावलेल्या तुमच्या मित्राची गाडी मात्र एका सकाळी सुरूच झाली नाही. तरी मी लोकांना दुसऱ्या बॅटरीच्या खर्चात पाडतोय, तेही साधी अ‍ॅसिडची बॅटरी डिकीत ठेवायला सांगून.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. हॅचबॅकची डिकी आणि माणसं बसतात ती जागा यांच्यात भिंत नसते. साध्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, आणि आपल्या रस्त्यांवर अ‍ॅसिड हिंदकळायला वेळ लागत नाही. ‘जुनी बॅटरी असली तरी चालेल’ असं मी लिहिलं होतं, ते आज सकाळीच लेखातून काढलं. डिकीत ठेवायची तर सीलबंद एजीएमच (आतलं अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं ती बॅटरी), पट्ट्याने घट्ट आवळलेली, आणि दोन बॅटऱ्यांमधल्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज. एकच फ्यूज पुढे लावून लोक निश्चिंत होतात. पण वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून सोलली, तर पुढचा फ्यूज उडूनही मागची बॅटरी त्या शॉर्टला करंट पुरवतच राहते. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आता दिव्यांचं. इथेही तुमचं निम्मं मान्य आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर) साधारण 14.2 व्होल्ट देतो. बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेज 12.6 च्या आसपास. म्हणजे बासचा ठोका पडला की 14.2 वरून 12.6 कडे घसरेपर्यंत बॅटरी जवळपास गप्प बसलेली असते, मग ती एक असो की दोन. एवढ्याशा घसरणीतही हॅलोजन बल्बचा प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, म्हणून डोळ्याला ते लगेच जाणवतं. हा मधला पट्टा कपॅसिटर सांभाळतो, दुसरी बॅटरी सांभाळत नाही. तेव्हा ‘शोभा’ हा शब्द मी मागे घेतो.

पण किती वेळ सांभाळतो, ते बघा. तुमच्या 2 फॅरडमधून 14.2 ते 12.6 या उतारात मिळते जेमतेम 43 ज्यूल ऊर्जा. अ‍ॅम्पची कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर 600 वॉट काढायला तो 750 वॉट ओढणार. सगळा भार कपॅसिटरवर पडला, तर 57 मिलिसेकंदांत खेळ संपला. 40 हर्ट्झच्या सुराचं एक आंदोलन 25 मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे अशी सव्वादोन आंदोलनं. निम्मा भार अल्टरनेटरने उचलला असं धरलं तरी एक दशांश सेकंदाच्या किंचित पुढे. ढोलाच्या एका थापेला एवढं पुरतं. पण हल्लीच्या गाण्यांत बास सेकंद-दोन सेकंद ओढलेला असतो, तिथे पुरत नाही. वर जेवढं दिलं तेवढं कपॅसिटर पुन्हा अल्टरनेटरकडूनच भरून घेतो. सिग्नलला उभे आहात, एसी चालू आहे, इंजिन आयडलला आहे, अशा वेळी अल्टरनेटर पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी करंट देत असतो. ती तूट कितीही फॅरडने भरत नाही. (2.7 व्होल्टचे सहा सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडलेली बँक मिळते, ती वेगळी. 500 फॅरडचे सहा घेतले तर एकूण 83 फॅरड होतात आणि हिशोब मिलिसेकंदांतून सेकंदांत जातो. माझ्या लेखात तिचा उल्लेखच नव्हता, ही उणीवच.)

आता तुमच्याच प्रतिक्रियेतली एक ओळ परत वाचा. ‘त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनने अर्थिंगचा गंजलेला बोल्ट काढून, रंग खरवडून नवीन जागी लावला.’ नाशिककर, मला वाटतं तुमच्या गाडीतलं मोठं काम त्या बोल्टने केलंय. करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो, तो त्याच सांध्यातून. अ‍ॅम्प भर जोरात असताना 55 अँपिअरच्या आसपास ओढतो. गंजलेल्या सांध्यात फक्त 10 मिलिओहमचा अडथळा असला, तरी अर्धा व्होल्ट तिथेच जातो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या गाडीत हेच सापडलं. अ‍ॅम्प मध्येच बंद पडायचा. दुकानदाराने कपॅसिटर विकला, मग मोठा कपॅसिटर विकला. आम्ही 40 हर्ट्झचा सूर सलग लावला आणि मल्टिमीटर धरला: बॅटरीवर 13.9, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर 12.7. सव्वा व्होल्ट वाटेत गायब! लाल वायरचं टोक सोलून ब्लेडने एक तार खरवडली, तर वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरीशुभ्र तार. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्याचा अडथळा दीडपट तरी भरतो. आधीपेक्षा एक माप जाड, अस्सल तांब्याची वायर ओढली आणि तक्रार संपली. दोन्ही कपॅसिटर आज त्याच्या कपाटात आहेत. त्या पोराचे गेलेले पैसे आठवले की अजून जीव तुटतो, आणि त्या रागातच मी लेखात टोकाचं लिहून गेलो.

दुसऱ्या बॅटरीबद्दल मात्र मी ठाम आहे, फक्त ती कोणाला हवी ते नीट सांगतो. गाडी बंद करून तासभर गाणी लावणाऱ्याला. तिथे 43 ज्यूलचं काही चालत नाही. 35 अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीत सुद्धा पंधरा लाख ज्यूल असतात. तुमच्या मित्राची गाडी सकाळी सुरू झाली नाही, त्याचं कारण दोन बॅटऱ्या रात्रभर सरळ एकमेकींना जोडलेल्या होत्या हे असावं. मध्ये आयसोलेटर रिले (इंजिन बंद असताना दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच) असता, तर इंजिनाची बॅटरी शाबूत राहिली असती.

एक विनंती आहे. कपॅसिटर सोडवून ठेवा, पण सोडवल्यावर त्याच्या दोन टोकांना 12 व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब लावून तो पूर्ण विझू द्या. पान्ह्याने शॉर्ट करू नका. मग तेच गाणं, तोच आवाज, इंजिन 1500 आरपीएमवर. बॅटरीवर किती व्होल्ट आणि अ‍ॅम्पवर किती, हे दोन आकडे इथे लिहा. कपॅसिटर परत लावताना पॉझिटिव्हच्या वाटेत तोच बल्ब घाला, आधी लख्ख पेटेल, मग हळूहळू मंदावत विझेल, तेव्हा तो काढून वायर पक्की करा. कपॅसिटर काढलेला असताना दिवे पुन्हा मिचमिचत असतील, तर तुमचा कपॅसिटर खरंच कामाचा आहे असं मी मूळ लेखात तुमच्या आकड्यांसकट लिहीन.