कमिशनपलीकडचं दुकान

दुकानदार जास्त कमिशन देणाऱ्या कंपनीचंच खत पुढे करतो, हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. मी चेंबूरला राहतो, पण थोरल्या भावाचं जुन्नर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे आणि दर जूनमध्ये मी आठवडाभर त्याच्या गल्ल्यावर बसतो. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, दर सरकारी. नत्र सगळीकडे 46 टक्केच. मग दुकानदार ब्रँडमध्ये बघतो काय? पेरणीच्या तोंडावर माल येतो का, हे आधी. दुसरं म्हणजे गोणी. भाऊ थप्पीतली गोणी गुडघ्याने दाबून बघतो. आत ढेकळं झाली असतील तर शेतकरी ती परत आणणार, हे त्याला ठाऊक असतं. 2022 पासून अनुदानित खताच्या गोणीवर मोठ्या अक्षरात 'भारत' आणि कंपनीचं नाव बारीक. तरी म्हातारी माणसं गोणी फिरवून नाव शोधतात, 'सुफलाच दे' म्हणतात. ते सुफला आमच्या चेंबूरच्या कारखान्याचं, म्हणून मला ते ऐकून बरं वाटतं.

खरी चीड लिंकिंगची, म्हणजे हव्या खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारण्याची आहे. गेल्या वर्षी एका कंपनीने युरियासोबत विद्राव्य खताच्या पेट्या भावाच्या माथी मारल्या. त्या अजून माळ्यावर पडून आहेत, पैसे मात्र आगाऊ गेले. त्या कंपनीचं नाव निघालं की भाऊ गप्प होतो. लेखकाने एकदा या बाजूनेही लिहावं, ही कळकळीची विनंती.