गोळी ‘उष्ण पडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘ताई, गोळ्या फार उष्ण पडल्या.’ मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला 17 वर्षं झाली आणि हे वाक्य कानावर पडलं नाही असा दिवस आठवत नाही. तोंड आलं, उष्ण पडली. जुलाब लागले, उष्ण पडली. अंगावर पित्त उठलं, छातीत जळजळतंय, लघवी गडद होतेय, सगळ्याला एकच शब्द. मीही कितीतरी वर्षं मान डोलावून ओआरएसचं पाकीट काढून द्यायचे.

मग आमच्या अण्णांचं झालं. वडील माझे, वय 68, जुना दमा. त्या हिवाळ्यात दम फार लागला म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. त्यातच छातीत कफ झाला आणि डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन 500 ही अँटिबायोटिक गोळी लिहून दिली. गोळ्या माझ्याच हाताने दिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘टाचेच्या वर दुखतंय गं. उष्ण पडली असेल, सब्जा भिजत घाल.’ मी घातला. पाचव्या दिवशी सकाळी जिना उतरताना त्यांना वाटलं, मागून कुणीतरी पोटरीवर काठी हाणली. वळून बघतात तर कुणीच नाही. पोटरीपासून टाचेपर्यंत जाणारी जाड शीर, म्हणजे रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटली होती.

मला सलतं ते हे, की यातलं काहीच नवीन नव्हतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या एकाच घराण्यातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 सालीच चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. वय साठीच्या पुढे, सोबत स्टिरॉइड, तर शीर तुटण्याचा धोका वाढतो. अण्णांना दोन्ही लागू. 2016 मध्ये तिथेच आणखी सांगितलं गेलं, की सायनस, ब्राँकायटिस किंवा साधा लघवीचा संसर्ग असेल आणि दुसरं औषध चालण्यासारखं असेल, तर यांना हात लावू नका. आणि आपल्याकडे दोनदा जुलाब झाले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची पट्टी लोक नावाने मागतात. दुखायला लागलं त्याच दिवशी गोळी थांबवून मी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. शिकलेले होते मी. त्या एका शब्दाने माझंही डोकं बंद केलं.

‘उष्ण’ म्हटलं की उपायही ठरलेला, दूध नाहीतर ताक. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर घेतली तर दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून बसतं आणि औषध रक्तात कमी जातं. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि पित्ताचं पातळ औषध यांचंही तेच. सिप्रो यांच्या 2 तास आधी घ्या किंवा 6 तासांनी.

डॉक्सिसायक्लिनची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) कोकणात, मुंबईत ती भरपूर जाते, आणि जायलाच हवी, वेळेवर मिळाली तर जीव वाचवते. पण रात्री घोटभर पाण्याबरोबर टाकून लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. छातीत आग पडते ती त्याची. पेलाभर पाणी प्या, अर्धा तास बसून राहा. ही गोळी चालू असताना ऊनही जास्त भाजतं, म्हणून शेतावर जाणाऱ्यांनी अंग झाकून जावं.

सगळ्यात जास्त भीती मला अंगावर पित्त उठण्याची वाटते. परवा एक काकू अमॉक्सिसिलिनची उरलेली पट्टी घेऊन आल्या, बदलून द्या म्हणाल्या. विचारलं, कुठे त्रास होतो? त्यांनी पदर बाजूला केला. दंडभर लाल गांधी, आणि वरचा ओठ जाड झालेला. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातली, ही त्याची अॅलर्जी असू शकते. ओठ सुजला, घसा आवळल्यासारखा झाला, दम लागला, तर तडक दवाखाना. मी त्यांना शेजारच्या दवाखान्यात नेऊन बसवलं, आणि औषधाचं नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या बटव्यात घातलं. पुढच्या वेळी दुसऱ्या गावातला डॉक्टर विचारेल तेव्हा ‘कसली तरी उष्ण गोळी’ सांगून चालणार नाही.

उलट बाजूही सांगते. ऑगमेंटिन (अमॉक्सिसिलिनचीच जोडगोळी) घेतल्यावर होणारे थोडे जुलाब, मेट्रोनिडॅझोलने तोंडाला येणारी धातूसारखी चव आणि त्याच गोळीने होणारी गडद लघवी, याला घाबरून कोर्स अर्धवट सोडू नका. पण जुलाब पाण्यासारखे वारंवार होत असतील, रक्त पडत असेल किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी कळवा. ऑगमेंटिनची कावीळ कधीकधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसते.

1 मार्च 2014 पासून लिव्होफ्लॉक्सासिन, सेफिक्सीमसारखी औषधं विकली की आम्ही रजिस्टरमध्ये लिहितो: डॉक्टर कोण, रुग्ण कोण, गोळ्या किती. तीन वर्षं ते जपायचं. पुढे त्या रुग्णाचं काय झालं याला त्यात रकाना नाही. गोळीने त्रास झाला तर ती नोंद 1800-180-3024 या सरकारच्या मोफत नंबरवर करता येते, रुग्णाला स्वतःलाही. अण्णांची मी केली. दोन महिने उशिरा, ते काठी घेऊन पहिल्यांदा दुकानापर्यंत चालत आले त्या दिवशी.