हात आधी बटणाकडेच जातो
घरात स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला की खिडक्या उघडा, असं गॅसगळतीवरच्या एका लेखात लिहिलंय. बरोबरच आहे. पण घात होतो तो एक्झॉस्ट फॅनच्या बटणाने. मागे एका रात्री आमच्याकडे वास सुटला, तेव्हा माझाही हात सवयीने तिकडेच गेला. सासूबाई ओरडल्या म्हणून थांबले. बटण चालू करा नाहीतर बंद, आत ठिणगी उडू शकते. मग अंधारातच चाचपडत रेग्युलेटर बंद केला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकीइतकंच दारही सताड उघडायचं. सकाळी नळीच्या टोकाला साबणाचं पाणी लावलं, तर टपोरे बुडबुडे! काडी ओढून गळती शोधणारे महाभागही पाहिलेत मी.