जुना ८०५ अजून विकलेला नाही

बॉवर्स अँड विल्किन्स या ब्रिटिश कंपनीच्या स्पीकरांवरचा एक लेख वाचला. नव्या ८०० मालिकेपुढे जुनी मॉडेलं 'मऊ' वाटतात, असं त्यात म्हटलंय. भाऊ, अर्धंच पटलं. आमच्याकडे जळगावला याच मालिकेतल्या नॉटिलस ८०५ स्पीकरांची जोडी आहे. १९९८ ची पिढी, सेकंडहँड घेतलेली, पिवळ्या केव्हलार धाग्याच्या कोनवाली (कोन म्हणजे स्पीकरचा थरथरणारा शंकूसारखा पडदा). पुण्यात मित्राकडे ८०५ डी४, म्हणजे त्याच स्पीकरची नवी पिढी, निवांत ऐकला. फरक आहेच. २०१५ ला केव्हलार जाऊन चंदेरी कंटिन्यूअम कोन आला, तेव्हापासून बाईच्या आवाजातला तो किंचित नाकातला सूर गेला. डी४ ची पेटी तर बोटाच्या गाठीने ठोकली तरी दगडासारखी मुकी. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता येतात!

पण डी४ चा हिऱ्याचा ट्वीटर (बारीक, उंच सूर काढणारा छोटा स्पीकर) खराब रेकॉर्डिंगला माफ करत नाही. जुन्या मराठी नाट्यपदांची खरखर आधी, गाणं नंतर. माझा ॲल्युमिनियमवाला तिथे सांभाळून घेतो. शिवाय आमची खोली म्हणजे उघड्या भिंती आणि शहाबादी फरशी. मागच्या भिंतीवर आजीच्या दोन गोधड्या टांगल्या, तेव्हा कुठे झांजा कानाला टोचायच्या थांबल्या. मॉडेल बदलूनही एवढा फरक पडला नसता. आणि मे महिन्यात कूलर चालू असला की नवं काय, जुनं काय, बारीक तपशील सगळा त्या घरघरीतच जातो.