सही कुणाची?

रविवारी फिल्म क्लबात इटालियन दिग्दर्शक फ्रांचेस्को रोझीचा 'हँड्स ओव्हर द सिटी' लावला होता. कट्ट्यावरचे आम्ही चौघे गेलो. मन्या मध्यंतराची वाट बघत शेवटपर्यंत बसला.

कटिंग यायच्या आतच शिऱ्या सुरू झाला. त्याच्याकडे खादीची झोळी आहे, त्यामुळे इटालियन सिनेमावर पहिला हक्क त्याचा. "रोझी मुळात दिग्दर्शक व्हिस्कोंतीचा असिस्टंट. सिनेमा 'ला तेर्रा त्रेमा', १९४८. पण यार, ह्यात काव्य नाही. नुसत्या मीटिंगा! डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' बघा. बाप-लेक चोरलेली सायकल शोधत हिंडतात, आवंढा येतो घशात."

"सायकलबद्दल तू बोलू नकोस," बापू म्हणाला.

बापू नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तीस वर्षं होता. कुठलीही नवी इमारत दिसली की आधी पार्किंग मोजतो.

"तू काव्य शोधत होतास, मी फाइल शोधत होतो. सुरुवातीलाच इमारत कोसळते, माणसं मरतात. मग चौकशी या टेबलावरून त्या टेबलावर. जो तो आपला कागद दाखवतो, आणि कागद बरोबर! अरे, माणसं मेली आणि नियम एकही मोडला नाही. इटलीतल्या नेपल्स शहराचं हे रोझीनं १९६३ सालीच दाखवून ठेवलंय."

"पण तो बिल्डर नोत्तोला आपल्याला आवडला," मन्या म्हणाला. "शेतजमिनीवर उभा राहून पार्टनरांना सांगतो, पालिकेला इथं रस्ते, पाणी, गटारं आणायला लावा, ५००० टक्के नफा. डोकं लागतं राव."

"तुला आवडणारच. तुमच्या रिडेव्हलपमेंटच्या कमिटीत तूच सेक्रेटरी होतास ना? बिल्डरनं भाडं किती महिने थकवलंय?" बापूनं विचारलं.

"अकरा," मन्या चहात बघत म्हणाला.

शिऱ्याला राहवेना. "पण हिरोच नाही! शेवटी बिल्डर जिंकतो."

"जिंकतो? अरे, बांधकाम खात्याचा कारभारीच होऊन बसतो! नव्या कामाच्या मुहूर्ताला धर्मगुरूचा आशीर्वाद वर. आणि विरोधात भांडणारा तो नगरसेवक? कार्लो फेर्मारिएल्लो. नट नव्हे, नेपल्सचा खराखुरा कम्युनिस्ट पुढारी. तुझा डी सिका विचारतो, बिचाऱ्याची सायकल गेली कुठं? रोझी विचारतो, सही कुणाची?"

शिऱ्यानं हळूच डायरी काढली. पुढच्या रविवारी हे वाक्य त्याच्या नावावर ऐकू येणार.

"बरं, व्हेनिसच्या महोत्सवात सिनेमाला गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला," मन्या म्हणाला. "म्हणून नेपल्स सुधारलं?"

मग मी मॅत्तेईचं काढलं. इटलीच्या सरकारी तेल कंपनीचा सर्वेसर्वा एन्रिको मॅत्तेई १९६२ मध्ये विमान कोसळून गेला. रोझीला त्यावर सिनेमा करायचा होता. मॅत्तेईच्या सिसिलीतल्या शेवटच्या दिवसांची माहिती काढायला त्यानं पालेर्मोच्या माउरो दे माउरो या पत्रकाराला सांगितलं. सप्टेंबर १९७० मध्ये दे माउरो नाहीसा झाला, तो आजवर सापडलेला नाही. का, यावर तर्क अनेक आहेत. रोझीनं तरी सिनेमा केलाच, आणि १९७२ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून घेतला.

कट्टा गप्प.

"सिनेमानं काही होत नाही म्हणतोस," बापू मन्याला म्हणाला, "मग तो माणूस गेला कुठं?"

मन्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

"मॅत्तेईच्या कामात तो नट व्होलोंते काय दिसलाय पण!" शिऱ्यानं जीव टाकला.

"सायकल," बापू म्हणाला. "१९७८. माझी नवी कोरी हर्क्युलस घेऊन मॅटिनीला गेलास आणि चालत आलास."

"कुलूप लावलं होतं रे!"

"किल्ली दाखव."

"चौकशी समिती नेमा," मन्याला आता कंठ फुटला. "स्टँडवाल्याच्या पावतीवर सही कुणाची?"

शिऱ्याच्या पोरानं नवी सायकल घेऊन द्यावी, असा ठराव तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. तेवढ्यात चहावाला आला. "आठ कटिंग, चार क्रीमरोल. कोण देणार?"

सिनेमात सभागृहातले नगरसेवक करतात तसे चौघांचे हात एकदम वर गेले. "आमचे हात स्वच्छ आहेत!"

"गेल्या रविवारचे पण बाकी आहेत," तो म्हणाला.