अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईच्या जहाजावर लिहिलं गेलं नाही

मुंबईच्या गोदीबद्दलचा एक मजकूर बरीच वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: वाडियांनी मुंबईत बांधलेली एच.एम.एस. मिंडेन ही भारतात तयार झालेली पहिली ब्रिटिश युद्धनौका. १८१४ साली ती अमेरिकेत बाल्टिमोरसमोर उभी होती. तिच्यावर कैदेत असलेल्या फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने रात्रभर तोफांचा मारा पाहिला आणि पहाटे अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं. म्हणजे ते गीत मलबारच्या सागवानावर बसून लिहिलं गेलं, याचा प्रत्येक भारतीयाला अभिमान हवा. हीच गोष्ट वर्तमानपत्रांतही छापून आली आहे, त्यामुळे वाचणारा शंका घेत नाही.

मिंडेन खरी आहे, वाडिया खरे आहेत, सागवानही खरं आहे. बाल्टिमोर मात्र खोटं आहे.

आधी ‘पहिली युद्धनौका’ हा दावा पाहू. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून, तापीकाठची गोदी सोडून, मुंबईला आले. मुंबईतली पहिली सुकी गोदी १७५० साली उभी राहिली. मिंडेनच्या कितीतरी आधीपासून इथे कंपनीसाठी जहाजं बांधली जात होती, आणि खुद्द ब्रिटिश नौदलाकडे गेलेली ३६ तोफांची ‘पिट’ ही १८०५ सालची आहे. मिंडेनचं खरं वैशिष्ट्य वेगळं. ब्रिटिश नौदलासाठी मुंबईत बांधलेलं ७४ तोफांचं ते पहिलं जहाज. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ते बांधलं आणि १९ जून १८१० रोजी डंकन गोदीतून ते पाण्यात उतरलं. इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई असताना नौदलाने एवढं मोठं काम मुंबईच्या कारागिरांवर सोपवलं, हे काय कमी आहे?

आता १८१४. मिंडेन १८११ साली जावा बेटावरच्या ब्रिटिश मोहिमेत होती आणि बाल्टिमोरवर मारा झाला तेव्हाही ती पूर्वेकडच्या ताफ्यातच होती. बाल्टिमोर तिथून जवळजवळ अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर.

कागदपत्रं बाजूला ठेवली तरी पाणीच या दाव्याच्या आड येतं. ज्या किल्ल्यावर मारा झाला तो फोर्ट मॅकहेन्री पटाप्स्को नदीच्या काठी, बाल्टिमोर बंदराच्या तोंडावर आहे, आणि तिथलं पाणी उथळ आहे. ७४ तोफांच्या जहाजाला तरंगायला वीसेक फूट खोली लागते. ब्रिटिश ॲडमिरल कॉक्रेन यांचं स्वतःचं मोठं जहाज टोनंट तिथवर जाऊ शकत नव्हतं, म्हणून त्यांनी आपला मुक्काम ‘सरप्राइज’ या फ्रिगेटवर, म्हणजे लहान, चपळ युद्धनौकेवर हलवला. १३ आणि १४ सप्टेंबरला सुमारे २५ तास जो मारा झाला, तो मुख्यतः बाँब आणि अग्निबाण सोडणाऱ्या छोट्या जहाजांनी केला. मिंडेन अमेरिकेत असती तरी दूर मागेच नांगर टाकून बसली असती.

फ्रान्सिस की कैदी होते, हेही अर्धवट आहे. ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळल्यानंतर विल्यम बीन्स नावाच्या वृद्ध डॉक्टरांना पकडून नेलं होतं. त्यांना सोडवायला फ्रान्सिस की आणि कैद्यांच्या देवघेवीचे अमेरिकन अधिकारी जॉन स्किनर पांढरं निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजातून ब्रिटिश ताफ्याकडे गेले. टोनंटवर बोलणी झाली, सुटका मंजूरही झाली. पण हल्ल्याचा बेत त्यांच्या कानावर गेलेला असल्याने मारा संपेपर्यंत त्यांना परत जाऊ दिलं नाही. कीचे मेहुणे रॉजर टॅनी पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी लिहून ठेवलेल्या हकीकतीत फ्रान्सिस की आधी सरप्राइजवर आणि मग पहाऱ्याखाली आपल्याच जहाजावर आल्याचं आहे. तिथून त्यांना पहाटे किल्ल्यावर अमेरिकेचा झेंडा दिसला. पहिल्या ओळी खिशातल्या पत्राच्या पाठीवर उतरल्या आणि कविता पुरी झाली ती बाल्टिमोरच्या हॉटेलात. तिला राष्ट्रगीताचा कायदेशीर दर्जा तर १९३१ साली मिळाला.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चुकीने काय बिघडतं? बिघडतं. उद्या एखादा चिकित्सक मुलगा शोध घेईल, राष्ट्रगीताची गोष्ट खोटी निघेल, आणि मग तो वाडियांच्या खऱ्या कामावरही विश्वास ठेवणार नाही. शिवाय बाल्टिमोरवरचा मारा ज्यात झाला, त्या १८१२ ते १८१५ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाशी मुंबईच्या गोदीचा खरा संबंध आहे, आणि तो कोणीच सांगत नाही.

१८१२ च्या अखेरीस ‘जावा’ नावाचं ब्रिटिश फ्रिगेट पूर्वेकडे निघालं होतं. त्यावर लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते, ज्यांनी पुढे १८१७ साली महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा पराभव केला. त्याच जहाजावर मुंबईत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’साठी तांब्याचे पत्रे होते. सागवान कितीही टिकाऊ असलं तरी पाण्याखालचा भाग किड्यांपासून आणि शेवाळापासून वाचवायला तांब्याने मढवावा लागे. ‘त्रिंकोमाली’ या नव्या फ्रिगेटचे नकाशेही त्याच जहाजातून येत होते. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला गाठलं, खिळखिळी केली आणि पुढे जाळून टाकली. तांबं गेलं, नकाशे गेले. कॉर्नवॉलिसचं काम रखडलं आणि मे १८१३ मध्ये ती पाण्यात उतरली. त्रिंकोमालीचे नकाशे पुन्हा मागवावे लागले आणि तिला १८१७ चा ऑक्टोबर उजाडला. पुढे एप्रिल १८१५ मध्ये याच कॉर्नवॉलिसने ‘हॉर्नेट’ या अमेरिकन जहाजाचा दिवसेंदिवस पाठलाग केला. तोफा, नांगर, होड्या समुद्रात फेकून वजन कमी केलं तेव्हा कुठे हॉर्नेट निसटलं. पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

त्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे आणि अजून तरंगणारी ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मानली जाते. जमशेटजींच्या हाताखालच्या सुतारांचं काम तिथे जाऊन पाहता येतं. इथे मात्र डंकन गोदी नौदलाच्या आवारात, लायन गेटच्या आत आहे. आपल्यासारख्यांना सहज जाता येत नाही.

आणि एखादा ऐतिहासिक कागद मुंबईच्या जहाजावरच तयार झालेला हवा असेल, तर तसाही आहे. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह कॉर्नवॉलिसवर झाला. अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने त्या तहाने हाँगकाँग इंग्रजांना दिलं. मिंडेनही त्याच सुमारास रुग्णालयाचं जहाज म्हणून हाँगकाँगला गेली आणि १८६१ साली तिथेच मोडीत विकली गेली. त्या शहरात मिंडेन रो आणि मिंडेन अव्हेन्यू असे दोन रस्ते अजून आहेत. अभिमानाच्या यादीत गोदी घालायची तर हा तहसुद्धा तिच्याच खात्यावर लिहावा लागेल.